विरंगुळा आणि उपासना हेही शुश्रूषेचेच काम आहे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

वृद्धाश्रमांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुतेक दोन प्रकारचे असते. मुलांनी आईवडिलांना तेथे का ठेवले याची हळहळ तरी असते, नाहीतर एखाद्या मंडळाने तेथे जाऊन फळे आणि ब्लँकेटे वाटल्याचे वृत्त असते. तेथे राहणाऱ्या माणसाचा सकाळी उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंतचा वेळ कसा जातो, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. मी शासकीय रुग्णालयात ३३ वर्षे परिचारिका होते. माझी आई आयुष्याची शेवटची अडीच वर्षे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत होती, आणि ती गेल्यानंतरही मी आठवड्यातून दोन दिवस तेथे जाते. या काळात जे पाहिले त्यावरून मला एवढेच मांडायचे आहे की विरंगुळा आणि उपासना ही कामे अशा संस्थांमध्ये कोणाच्याच नावावर नसतात म्हणून ती होत नाहीत, आणि ती कोणाच्या तरी नावावर लिहिली गेली पाहिजेत.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहान खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. मी ज्या संस्थांबद्दल लिहिते आहे त्या धड रुग्णालय नाहीत आणि धड आश्रमही नाहीत. रुग्णालयातून माणूस बरा होऊन घरी जायचा असतो, म्हणून तेथे आठ दिवस करमणूक नसली तरी निभावते. येथे आलेला माणूस मात्र बहुधा परत जात नाही. हेच त्याचे शेवटचे घर असते, आणि घरात औषध व जेवण यांखेरीज पुष्कळ काही लागते.

संस्थेचा दिवस शरीराभोवती बांधलेला असतो. पहाटे अंग पुसणे आणि डायपर बदलणे, मग चहा, नाश्ता, गोळ्या, साखर आणि रक्तदाब तपासणे, दर दोन तासांनी कूस बदलणे. या प्रत्येक कामापुढे वेळ आणि सही असते. त्याला मी कमी लेखत नाही, कारण पाठीला जखम झालेल्या माणसाला भजनाने आराम पडत नाही, हे मी माझ्या हातांनी केलेल्या मलमपट्ट्यांवरून जाणते. परंतु त्या तक्त्यात ‘आज या आजी कोणाशी बोलल्या’ असा रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते काम पाळी बदलताना एकीकडून दुसरीकडे सोपवलेच जात नाही.

आईचे उदाहरण सांगते, कारण त्यात चूक संस्थेची जितकी होती तितकीच माझीही होती. ती तेथे आली त्या वर्षी, कोजागरीनंतर दोन-तीन दिवसांनी, पहाटे चारला जागी होऊन मोठ्याने पुटपुटू लागली, हात हलवू लागली आणि खोलीतल्या इतर दोघींची झोप मोडू लागली. रात्रपाळीच्या परिचारिकेने ‘गोंधळलेल्या आहेत, बडबड करतात’ अशी नोंद केली. वृद्धांमध्ये लघवीच्या संसर्गानेही असे होते, म्हणून तपासणी झाली, तिच्यात काही निघाले नाही, आणि मग झोपेची गोळी सुरू झाली. फोनवर मला हे कळवले तेव्हा, आयुष्यभर हेच काम केलेली मीही, ‘ठीक आहे’ म्हणाले. गोळीने आई दिवसा गुंगीत राहू लागली, घास तोंडात तसाच धरून बसू लागली. आठ-दहा दिवसांनी परवानगी घेऊन मी रात्री तिच्याजवळ राहिले, आणि चार वाजता ती काय म्हणते ते कान देऊन ऐकले, तेव्हा कळले की तो काकडा होता. आमच्या गावात विठ्ठलाच्या देवळात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा होतो. लग्न होऊन आल्यापासून पाय चालेनासे होईपर्यंत तिने तो कधी चुकवला नव्हता. पन्नासाहून अधिक वर्षे त्या महिन्यात तिचे शरीर चारला उठत आले होते, तसेच ते याही वर्षी उठले. हात हलत होते ते टाळ धरल्यासारखे. हे सगळे मला ठाऊक होते आणि मी कोणाला सांगितले नव्हते, कारण मला कोणी विचारले नव्हते. प्रवेशाच्या चार पानी अर्जात तिला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे विचारले होते, तिचा नेम काय आहे हे विचारले नव्हते.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी बंद केली. आईची खाट टोकाच्या खोलीत हलवली, आणि बीडकडच्या वारकरी घरातून आलेल्या एक मावशी, रात्रपाळीतल्याच, पहाटेच्या कामाआधी पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसून तिच्याबरोबर म्हणू लागल्या. त्यानंतर आई दिवसा जागी राहू लागली आणि पूर्वीसारखी जेवू लागली. यात चमत्कार नव्हता. तिचा स्मृतिभ्रंश वाढतच गेला आणि पुढे तिने मला ओळखणेही सोडले. परंतु मी अभंगाची एक ओळ म्हटली की पुढची ती म्हणत असे, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. नावे आणि चेहरे पुसले गेल्यावरही तोंडपाठ झालेले गाणे आणि प्रार्थना पुष्कळदा उशिरापर्यंत टिकून राहते, हे या कामातल्या माणसांनी वारंवार पाहिलेले आहे. तरीही ती ठेव आपण उघडून पाहत नाही.

हा दयेचा विषय नाही, याला कायद्याचाही आधार आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे, आणि वृद्धाश्रमांत कोणत्या सेवा असाव्यात हे सांगताना वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने यांचा उल्लेख एकाच वाक्यात केलेला आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत टीव्ही, वर्तमानपत्रे आणि पुस्तकांचा पुरेसा संग्रह यांचाही समावेश आहे. अडचण अशी की साधन म्हटले की आपण वस्तू आणतो आणि काम झाले असे समजतो. अमेरिकेत १९८७ च्या सुधारणेनंतर नर्सिंग होमच्या, म्हणजे तेथल्या अशाच संस्थांच्या, नियमांत केवळ वस्तू नव्हे, तर रहिवाशांच्या आवडीनिवडी पाहून उपक्रम चालवणे आणि त्यांची जबाबदारी पात्र व्यक्तीकडे असणे आवश्यक केले गेले. तेथल्या सर्वच व्यवस्थेचे मी कौतुक करत नाही, पण वस्तूऐवजी माणूस नेमण्याचा हा मुद्दा आपण घेण्यासारखा आहे.

टीव्हीबद्दल थोडे लिहायलाच हवे. मी पाहिलेल्या चार-पाच संस्थांमध्ये टीव्ही सकाळी सुरू होतो तो रात्रीच बंद होतो, आणि रिमोट कर्मचाऱ्यांकडे असतो. ज्यांना मान वळवता येत नाही त्यांना पडदा दिसत नाही, ज्यांना कमी ऐकू येते त्यांना तो नुसता गोंगाट वाटतो, आणि ज्यांना तो नको आहे त्यांना उठून जाता येत नाही. ध्वनिवर्धकावर दिवसभर लावून ठेवलेल्या भजनांचेही तेच. आपण होऊन म्हटलेल्या नामाने जे मिळते ते बंद न करता येणाऱ्या आवाजाने मिळत नाही.

करमणुकीची पहिली गरज टीव्ही नसून चष्मा आहे, हे मला एका निवृत्त एसटी चालक आजोबांमुळे कळले. ते कोणाशी बोलत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत, आणि सगळ्यांनी त्यांना तुसडे ठरवले होते. चौकशी केली तेव्हा समजले की त्यांच्या चष्म्याची काडी सहा महिन्यांपूर्वी मोडली होती, आणि आता यांना वाचायचे काय आहे अशा समजुतीने तो कपाटात पडून होता. चष्मा दुरुस्त होऊन आला तशी त्यांनी पहिली मागणी केली ती वर्तमानपत्राची. ते कार्यालयाच्या टेबलावर दुपारपर्यंत असे आणि नंतर रद्दीत जाई. आता ते सकाळी नऊला त्यांच्या हातात येते, ते शेजारच्या तिघांना बातम्या वाचून दाखवतात, आणि बसचा अपघात झाल्याची बातमी असली तर घाटातल्या त्या वळणाविषयी अर्धा तास सांगतात. श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी, सैल झालेली कवळी, न काढलेला मोतीबिंदू, व्हीलचेअरला आडव्या येणाऱ्या देवळाच्या तीन पायऱ्या, या सगळ्या गोष्टी विरंगुळ्याच्या आणि उपासनेच्याच वाटेत उभ्या असतात.

जपमाळेचेही असेच होते. दाखल होताना दागिने जमा करून घेण्याची पद्धत योग्यच आहे, परंतु त्याच पाकिटात तुळशीची माळ, तसबीह आणि रोझरीही जाते, कारण ‘वस्तू हरवतात, मग नातेवाईक ओरडतात’. माळ हरवली तर दुसरी आणता येईल, पण जी हातात नाही तिचा जप कसा करायचा? कोकणातल्या एका मुस्लिम आजींना काबा कोणत्या दिशेला आहे हे कळेना, कारण खोलीत खिडकी उत्तरेला होती. एका ब्रदरने, म्हणजे पुरुष परिचारकाने, मोबाईलवर पाहून त्यांची खाट पश्चिमेकडे तोंड होईल अशी फिरवून दिली. पडल्या पडल्याही नमाज अदा करता येते, हे त्यांनीच त्याला सांगितले. या कामाला पैसा लागला नाही, फक्त कोणी तरी विचारावे लागले. जैन आजोबांना रात्री आठचे ताट सूर्यास्तापूर्वी मिळणे, बौद्ध काकूंना पौर्णिमेला पांढरी साडी नेसवून कोणी तरी त्यांच्यासोबत त्रिसरण-पंचशील म्हणणे, ख्रिस्ती रहिवाशांसाठी फादरांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बोलावणे, हे सगळे याच जातीचे काम आहे. आणि ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांना आरतीला ढकलत नेऊन बसवणे ही उपासना नव्हे. आमच्याकडे असे एक गुरुजी होते. त्यांना आरती नको होती, पण मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलायला माणूस हवे होते, आणि तो संवाद माझ्या मते तितकाच आध्यात्मिक होता.

खेळांविषयीही आपली कल्पना तोकडी आहे. पुरुषांना पत्ते आणि कॅरम देता येतात, आणि मोठ्या अंकांचे पत्ते व व्हीलचेअरच्या उंचीचे टेबल मिळाले तर रमीचा डाव अजूनही रंगतो. परंतु आमच्या पिढीच्या आयांपैकी अनेकींना आयुष्यात खेळायला वेळच मिळाला नाही. त्यांच्यापुढे सापशिडी मांडली तर त्या संकोचतात. त्यांचा विरंगुळा हातांत असतो. एकदा स्वयंपाकघरातून मेथीच्या चार जुड्या मागवून मी ओसरीत चादरीवर ठेवल्या, तेव्हा महिनोन्महिने गप्प असलेल्या पाच जणी त्याभोवती बसल्या आणि पाने खुडता खुडता कोणाच्या शेतात कोणती भाजी होत असे इथपासून सासूने पहिल्यांदा कधी शाबासकी दिली इथपर्यंत बोलत राहिल्या. वाती वळणे, शेंगा फोडणे, लसूण सोलणे, गोधडीला टाके घालणे यांतही तेच आहे. ‘म्हाताऱ्यांना कामाला लावले असा आरोप होईल’ म्हणून संस्था हे टाळतात. सक्ती नसेल आणि पोटासाठी राबवणे नसेल, तर ही भीती मनातून काढून टाकावी, अशी माझी संस्थाचालकांना विनंती आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते की वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे म्हणजे बुद्धीचा ऱ्हास नसून आयुष्याचा हिशेब मनाशी जुळवून पाहण्याची स्वाभाविक क्रिया आहे. मेथीच्या जुडीभोवती तीच चालली होती.

सणांमध्ये एक गोष्ट मला फार लागते. संक्रांतीचे हळदीकुंकू संस्थेत होते तेव्हा बाहेरून आलेल्या भगिनी सवाशिणींना ओळीने बसवतात, आणि विधवा आजींच्या हातावर नंतर तिळगूळ ठेवतात. अशा संस्थेत बहुसंख्य स्त्रिया विधवाच असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. जे एका गावाला जमले ते चाळीस खाटांच्या संस्थेला जमू नये असे काही नाही.

सर्वांत अवघड विषय मरणाचा आहे आणि तोच सर्वांत अधिक टाळला जातो. रात्री कोणी गेले तर सकाळी खाट रिकामी असते, चादर बदललेली असते आणि कोणी काही बोलत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सगळे कळलेले असते. आपणही असेच गुपचूप नेले जाणार, हेही त्याला कळलेले असते. सिसिली सॉन्डर्स यांनी, ज्या आधी परिचारिका होत्या आणि मग डॉक्टर झाल्या, १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा करणारे हॉस्पिस सुरू केले आणि वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हा विचार वैद्यकात रुजवला. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले तेव्हापासून हे काम आपल्याकडेही होते आहे, पण ते कर्करोगाच्या रुग्णांपुरते असावे अशी आपली समजूत झाली आहे. अंथरुणावरच्या वृद्धाला तीच आस्था का मिळू नये? शेवटी तोंडात गंगाजल घालावे की नाही, फादरांना किंवा मौलवींना केव्हा बोलवावे, नेत्रदान किंवा देहदान करायचे आहे का, कोणाची क्षमा मागायची राहिली आहे का, हे शुद्धीत असतानाच हळुवारपणे विचारून लिहून ठेवले पाहिजे. आमच्या संस्थेत गेल्या वर्षापासून कोणी गेले की दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्यांचे नाव घेऊन दिवा लावतात आणि ज्यांना बोलायचे आहे ते बोलतात. रहिवासी घाबरतील अशी भीती व्यवस्थापनाला वाटत होती. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी एका आजींनी विचारले, ‘माझ्या वेळी पण लावाल ना?’

हे सर्व मावशींनी करावे असे मी म्हणणार नाही. बारा तासांची पाळी, एकेकीकडे आठ-दहा खाटा, आणि त्यात अंग उचलून कमरेची दुखणी, असे त्यांचे जिणे आहे. त्यांच्यावर आणखी एक काम टाकणे अन्याय होईल. म्हणून माझी मागणी अशी की समाजकल्याण विभागाने अनुदानित संस्थांसाठी अर्धवेळ का होईना, याच कामाचे एक पद मान्य करावे, आणि खासगी संस्थांनी दरमहा जे शुल्क घेतात त्यातून ते भरावे. प्रवेशअर्जात नेम, उपवास, आवडीची गाणी, व्यवसाय, हातचे कौशल्य आणि शेवटच्या इच्छा यांसाठी एक पान जोडावे, आणि ते फायलीच्या तळाशी नव्हे तर औषधांच्या तक्त्याशेजारी लावावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वयंपाकघर पाहतात तसे ते पानही पाहावे.

बाहेरून मदत करणाऱ्यांची कमतरता नाही, ती नीट वळवली जात नाही. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला एका दिवसात तीन मंडळे येतात, केळी वाटतात, छायाचित्रे काढतात, आणि मग दिवाळीपर्यंत कोणी फिरकत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा करायची असते. त्यातले दर आठवड्याचे दोन तास त्याने एकाच आजोबांना दिले, तर वर्षभरात तो त्यांचा नातूच होऊन जाईल. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य असते, गावोगावी शासनमान्य ग्रंथालये आहेत, शहरांत विरंगुळा केंद्रे आणि ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तेथे रोज सकाळी हास्यक्लब आणि भजन करणारी सत्तरीची धडधाकट मंडळी महिन्यातून एकदा अंथरुणावरच्या आपल्याच वयाच्या माणसाकडे जाऊन बसली, तर दोघांनाही ते हवेसे वाटेल. पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ज्यांना बसता येते अशा दोघा-चौघांना यात्रेची गर्दी नसताना आळंदीला किंवा पंढरपूरला नेऊन आणणे त्यामुळे खर्चाच्या आवाक्यात आले आहे.

ज्यांना बसमध्ये बसता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या जिल्ह्यात एक सोय निसर्गतःच आहे. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते आणि पुढे तरडगाव, फलटणकडे जाते. ती वाट संस्थेपासून तीन किलोमीटरवर आहे. आईच्या पहिल्या वर्षी मनुष्यबळ नाही म्हणून कोणालाच नेता आले नाही. दुसऱ्या वर्षी टेंपोतून चार व्हीलचेअर रस्त्याच्या कडेला नेल्या. आईला तेव्हा दिसत कमी होते, पण टाळांचा आवाज जवळ आला तशी ती ताठ बसली, आणि डोक्यावर तुळस घेतलेली एक वारकरी बाई ओळीतून बाहेर येऊन तिच्यापुढे वाकली, म्हणजे आईचा हात वृंदावनाला लागावा. यंदा अकरा रहिवाशांनी येण्याची इच्छा सांगितली आहे. प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस लागतो, आणि आजवर सात जणांनी होकार दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा